एक्केचाळीस नगांची पोतडी

ता. ९ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. खोकला आहे, पण तो दर हिवाळ्याचा आहे, नवा नाही. गुडघा जिना उतरताना दुखतो आणि चढताना दुखत नाही, हे कोडं डॉक्टरलाही सुटलं नाही. सूनबाईंना आशीर्वाद सांग. तुमच्या गॅसची नळी बदलली का? मागे आलो होतो तेव्हा तिला बारीक भेगा दिसल्या होत्या. तेव्हाच बोलणार होतो, पण तू कामावर निघाला होतास.

तुझं पत्र पोचलं. पाच ओळींचं असलं तरी पत्र ते पत्र. फोनवर तू "बरं" म्हणतोस आणि ठेवतोस, मग माझ्या तोंडातलं तोंडात राहतं. म्हणून मी लिहितो. खाली कार्बन घातला आहे, एक प्रत माझ्याकडे राहील. हा तुझ्यावरचा अविश्वास नाही, वर्कशॉपच्या स्टोअरमधली अडतीस वर्षांची सवय आहे.

तू लिहिलंस, "भिंगरीला अठ्ठावीस तारखेपर्यंत घरी पाठवा. माझ्या ओळखीच्या कंपनीत तिच्यासाठी जागा बोलून ठेवली आहे. चांगली नोकरी सोडून ती तुमच्या खोलीत बसून खेळ करते आणि तुम्ही तिला फूस लावता. नाही पाठवलीत तर मी येऊन घेऊन जाईन."

उत्तर: पाठवणार नाही.

हे लिहून दोनदा वाचलं, खोडावं असंही वाटलं. पण खोडणार नाही.

पहिली गोष्ट, तुझी लेक खेळ करत नाही. मलाही आधी तसंच वाटलं होतं. दिवाळं काढलेल्या माणसासारखी एक सुटकेस आणि दोन कॉम्प्युटर घेऊन ती दारात उभी राहिली, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं की या सगळ्या वायरी एका बोर्डावर चालतील का. अजूनही मी तासाला एकदा प्लगला हात लावून बघतो. ती म्हणते, "आजोबा, ताप नाही आला हो त्याला."

ती काय करते ते सातवी शिकलेल्या माणसाच्या भाषेत सांगतो. कॉम्प्युटरच्या खेळात एक माणूस फिरत असतो. त्याला वाटेत वस्तू सापडतात. किल्ली, दोरी, कंदील, औषधाची बाटली. त्या ठेवायला त्याच्याजवळ पोतडी लागते. पोतडीला खण असतात. कुठल्या खणात काय, एका खणात किती मावतं, काय कुणाला देता येतं, काय जोडून नवीन काय होतं, हा सगळा हिशेब कुणीतरी आत बसून ठेवावा लागतो. तिच्या भाषेत त्याला इन्व्हेंटरी म्हणतात. ती नोकरीत होती तिथे तीन खेळ झाले आणि तिन्ही वेळा ही पोतडी तिच्याकडून पहिल्यापासून लिहून घेतली. शेतीच्या खेळाला एक, भुताच्या बंगल्याला दुसरी, अंतराळातल्या जहाजाला तिसरी.

मी म्हटलं, "म्हणजे वर्कशॉपमध्ये नवीन गाडी आली की नवीन स्टोअर बांधायचं?"

ती म्हणाली, "अगदी तेच! आणि जुनं पाडून टाकायचं."

मला खरोखर संताप आला. आमच्या स्टोअरमध्ये अडतीस वर्षांत गाड्यांची सहा मॉडेलं आली आणि गेली. रॅक तेच, खण तेच, कार्डं तीच. फक्त माल बदलला. तिला एकच पोतडी करायची आहे, जी कुठल्याही खेळात बसेल. खेळ करणाऱ्यानं आपल्या वस्तूंची यादी आणायची आणि पोतडीत ओतायची, बस्स. ती करून छोट्या छोट्या खेळवाल्यांना द्यायची. त्यासाठी तिनं नोकरी सोडली. हा वेडेपणा असेल तर माझी सबंध नोकरी वेडेपणाची होती.

दुसरी गोष्ट, फूस. तिनं आधी प्रत्येक किल्लीबरोबर किल्लीचं सगळं वर्णन लिहिलं होतं. शंभर किल्ल्या, शंभर वर्णनं. मी विचारलं, "बोल्टची जात एका कार्डावर असते. खणात नुसते नग असतात. प्रत्येक बोल्टच्या गळ्यात चिठ्ठी कशाला बांधतेस?" तिनं टेबलावर अशी थाप मारली की माझा चहा सांडला. पुढे एकदा वस्तू पोतडीतून पेटीत ठेवताना पेटी भरलेली निघाली, आणि वस्तू पोतडीतही नाही, पेटीतही नाही! मी म्हटलं, आमच्या चिठ्ठीवर दोन रकाने असायचे, देणारा आणि घेणारा. दोन्ही सह्या झाल्याशिवाय कार्डावरून एक वॉशरसुद्धा वजा व्हायचा नाही. फोरमन कितीही ओरडो. तिनं तसं केलं, आणि वस्तू हरवायची थांबली. याला तू फूस म्हणतोस. म्हण.

या शुक्रवारी एका छोट्या कंपनीचे लोक पोतडी बघायला येणार आहेत. त्यांचा दीपगृहाचा खेळ आहे. त्यांना पसंत पडली तर तिचं पहिलं गिऱ्हाईक. तपासणीचं काम माझ्याकडे आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसून मी तीन आठवडे वस्तू काढतो, ठेवतो आणि वहीत लिहितो. तपासायला वस्तू हव्या होत्या, म्हणून मी काही नावं सांगितली. तोंडाला आली ती.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीत तू जुन्या पेटीचा विषय काढला आहेस. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. त्याला तीस वर्षं झाली.

नळीचं विसरू नकोस.

तुझे वडील


ता. १७ फेब्रुवारी, मंगळवार

चिरंजीवास आशीर्वाद.

खोकला कमी आहे. खालच्या शिंप्यानं माझ्या कोटाचं अस्तर बदलून दिलं, चांगलं झालं. पाण्याचा नळ गळत होता, त्याला वॉशर मीच घातला.

शुक्रवारचं सूनबाईंकडून कळलंच असेल. तरी सांगतो. पाहुणे आले, चहा प्यायले, गेले.

एवढ्यावर पत्र संपवावं असं मनात होतं. पाकीटही चिकटवलं होतं. मग उघडलं.

तिघं जण होते. त्यांच्यातल्या मुख्य बाई लाल बूट घालून होत्या, बोलायला साध्या. मी खुर्च्या मांडल्या, वायरींवर सतरंजी टाकली, कुणी अडखळू नये म्हणून. भिंगरीनं छान समजावून सांगितलं. बाईंनी माझी तपासणीची वही चाळली. दोनशे बारा तपासण्या. प्रत्येकीपुढे "तपासले, ठीक" आणि माझी सही. त्या म्हणाल्या, "एवढी शिस्त मी मोठ्या कंपनीत नाही पाहिली, काका." माझी छाती फुगली.

मग त्या कॉम्प्युटरपुढे बसल्या, पोतडीतून एक वस्तू काढली आणि सरळ जमिनीवर टाकली.

वस्तू नाहीशी झाली. दुसरी टाकली, तीही गेली. दहा वस्तू टाकल्या, दहाही गेल्या. बाईंबरोबरचा चष्मेवाला म्हणाला, "ही पोतडी आहे की विहीर?" आणि ते हसले. वाईट मनानं नव्हे, पण हसले. जाताना "कळवतो" म्हणाले. मी जिन्यापर्यंत त्यांच्यामागे गेलो आणि म्हटलं, "बाई, चूक पोतडीची नाही, तपासणाऱ्याची आहे. दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय नापास करू नका. स्टोअरमध्ये आम्ही बेअरिंगसुद्धा एकदाच फिरवून परत पाठवत नव्हतो." त्यांनी थांबून ऐकलं.

वर आलो तर भिंगरी वहीची पानं उलटत होती. "आजोबा, दोनशे बारा वेळा तपासलंत. एकदाही काही खाली टाकून नाही बघितलंत?"

"खाली? माल जमिनीवर कोण ठेवतं?"

आमच्या स्टोअरचा तो पहिला नियम होता. दाराच्या आत लाल अक्षरांत लिहिलेला. जमिनीला ओल असते, माल पायाखाली येतो. अडतीस वर्षांत माझ्या हातून एक नट खाली राहिला नाही. खेळातला माणूस वस्तू सरळ जमिनीवर टाकून पुढे चालू लागेल हे माझ्या डोक्यातच येऊ शकत नव्हतं. ती आधी हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मग गळका नळ बघायला गेलो.

तर ही चूक तिची नाही, सही माझी होती. तुझ्याकडून "मी सांगितलंच होतं" असं पत्र येईल, म्हणून आधीच सांगतो: याच्यावरून तिला नेता येणार नाही. नापास मी झालो आहे. न्यायचं तर मला ने आणि तुझ्या ओळखीच्या कंपनीत चिकटव.

ती कालपासून जमिनीचं काम करते आहे. वहीच्या पहिल्या पानावर तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, "माणसं वस्तू खाली टाकतात." हा नवा नियम.

तुझे वडील


ता. २४ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी

चिरंजीवास,

तुझं पत्र आज सकाळी आलं. दोनच ओळी. पहिली, शनिवारी अठ्ठावीसला तू येतो आहेस. दुसरी, "चावीचा घोडा, मागचा डावा पाय सायकलच्या तारेचा. हे भिंगरीला कुणी सांगितलं?"

ती दुसरी ओळ मी बरेचदा वाचली. भिंगरीनं आईला फोनवर पोतडीतल्या वस्तू वाचून दाखवल्या, आईनं त्या तुला सांगितल्या, हे मी समजू शकतो. भिंगरीनंही विचारलं होतं, "आजोबा, एका कानाचा ससा, पेनाच्या स्प्रिंगवर उडणारा बेडूक, असलं भन्नाट तुम्हाला सुचतं कसं?" मी म्हटलं, "सुचतं." खोटं बोललो. मला काहीही सुचत नाही. सुचण्याचं काम आपल्या घरात माझं कधीच नव्हतं.

हे पत्र आज जलद टपालानं टाकतो म्हणजे तू निघायच्या आत मिळेल. तिकिटं कमी पडू नयेत म्हणून दोन जास्त लावली आहेत.

पेटीबद्दल लिहायचं नाही असं मी म्हटलं होतं. आता लिहितो.

तू सोळा वर्षांचा होतास. दोन विषयांत नापास झालास. मी घाबरलो. रागावलो असं सगळे म्हणतात, तुझी आईही शेवटपर्यंत तेच म्हणायची, पण खरं सांगायचं तर मी घाबरलो. तुझं पुढे काय होणार, या विचारानं जेवण जाईना. तू चार दिवस मावशीकडे गेलास आणि मी खाटेखालची, तू हातानं केलेल्या खेळण्यांची पत्र्याची पेटी बाहेर ओढली आणि भंगारवाल्याला बोलावलं. तू परत आलास, खाटेखाली वाकून बघितलंस. आईनं सांगितलं. मला वाटलं, आता आरडाओरडा करशील, मी तयार होतो. तू नुसतं "बरं" म्हणालास. तेच "बरं" अजून चालू आहे.

आईला मी म्हटलं होतं, "धूळ खात पडलेला माल होता, निकाली काढला." स्टोअरचा तसा नियम होता. तीन वर्षं जो माल हलला नाही तो निकाली काढायचा. पण तुझा माल रोज हलत होता. तू रोज सगळ्यांना चावी देऊन जमिनीवर सोडायचास आणि ते खडखडत माझ्या पायांपर्यंत यायचे. मी पाय वर घ्यायचो. तेव्हा नियमही मी खोटाच लावला.

सवय मात्र सुटली नाही. पेटी देण्याआधी मी यादी केली. निकालीच्या मालाची करतात तशी, अनुक्रमांक, वर्णन, नग. तीन प्रती. एक्केचाळीस नग भरले. यादी करताना मला प्रत्येक नग हातात धरून बघावा लागला. अर्ध्यावर आलो तेव्हा थांबायला हवं होतं हे मला कळलं होतं. भंगारवाला दारात उभा होता, त्याला "नको" म्हणायची लाज वाटली. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण मी तीस वर्षं शोधलं, सापडलं नाही.

वस्तू मी घालवल्या, यादी ठेवली. भिंगरी म्हणाली, "आजोबा, तपासायला चाळीसेक वस्तू सांगा ना, कुठल्याही." तेव्हा मी कपाटाकडे गेलोसुद्धा नाही. एकपासून एक्केचाळीसपर्यंत क्रमानं सांगत गेलो. ती टाईप करत होती आणि हसत होती. तिनं प्रत्येकाचं छोटं चित्र काढलं आहे. घोड्याचा पाय अगदी तसाच आला आहे. परवा मी तिला सगळं खरं सांगितलं. घोड्याचं चित्र पुन्हा उघडून ती म्हणाली, "म्हणजे बाबांचं आहे हे? बाबांना हे असं येत होतं?" तू तिला कधी बोलला नव्हतास. मीही नाही.

या पाकिटात यादीची प्रत आहे. कडा पिवळ्या पडल्या आहेत, सांभाळून उघड. शेवटच्या पानावर दोन रकाने बघ. घेणाऱ्याच्या रकान्यात भंगारवाल्याचा अंगठा आहे. देणाऱ्याच्या रकान्यात माझी सही आहे. माल तुझा आणि सही माझी. अडतीस वर्षांत मी एवढी एकच खोटी चिठ्ठी केली. आज ती सही मी खोडली आणि शेजारी आजची तारीख घातली. रकाना कोरा आहे. तो कोरा ठेव, नाहीतर काय करायचं ते तू ठरव. मी माफी मागतो असं लिहिणार होतो, पण तुला ते वाचून "बरं" म्हणावं लागेल, म्हणून यादीच पाठवली.

आता शनिवारचं.

ये. जिन्यातली चौथी पायरी हलते, जपून चढ. पण तिला न्यायला येत असशील तर तुझी खेप फुकट जाईल. मी दारात खुर्ची टाकून बसणार आहे. मी ऐंशीला टेकलो आहे, तू मला खुर्चीसकट उचलून बाजूला ठेवशील, मला माहीत आहे. तरी बसणार. तू मला घाबरून खेळणी करायची सोडलीस ते मी पाहिलं आहे, पोरगी तुला घाबरून तसं काही करणार नाही. आणि मी तर आता कुणालाच घाबरत नाही, वायरी सोडल्या तर.

तू म्हणशील, लेक माझी आहे. आहेच. पण तिला देण्याच्या रकान्यात तुझी सही चालत नाही, माझीही नाही. तो रकाना तिचा आहे. हे शिकायला मला एक्केचाळीस नग लागले, तुला एकही लागू नये.

लाल बुटांच्या बाईंचा फोन आला होता. पाच तारखेला त्या पुन्हा बघायला येतील. पसंत करतील की नाही, मला माहीत नाही. भिंगरीनं जमिनीचं काम पुरं केलं. या वेळी मी सगळं खाली टाकून तपासलं, तीनशे साठ वेळा. कंबर मोडली म्हणणार होतो, पण बसूनच केलं. आता खाली टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही. खेळ बंद करा, वीज घालवा, आठवड्यानं परत या. जिथे टाकली तिथेच असते. उचलणारा येईपर्यंत.

शनिवारी आलास की दुसऱ्या कॉम्प्युटरवर बस. मी तुझ्यासाठी एक नग जमिनीवर ठेवला आहे. अनुक्रमांक सतरा: चावीचा म्हातारा, तारेचा चष्मा, मान आडवी हलवून नाही नाही करणारा. तो मी होतो, हे मला यादी करतानाच समजलं होतं. वर्णनात तेवढं लिहिलं नव्हतं.

उचलायचा की नाही ते तू बघ. तो तिथेच राहील.

खिळ्या, तुझ्या खिशांत सदा खिळे असायचे म्हणून मी तुला ही हाक मारायचो. तीस वर्षांत मारली नाही. आज मारतो आहे.

नाही म्हणणारा,
तुझा बाप

ता. क. गॅसची नळी बदलल्याशिवाय घरातून निघू नकोस.